मिडलसेक्सच्या उपनगरातले जुने आरोग्य अहवाल: साथींचे आकडे कसे वाचायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. लंडनच्या वायव्येला राहणाऱ्या एका वाचकाला आपल्या भागाचे १९४८ ते १९६५ मधले आरोग्य अधिकाऱ्याचे वार्षिक अहवाल मिळाले आहेत. त्यांत हगवणीच्या नोंदी एका वर्षी अचानक कित्येक पटींनी वाढतात आणि पुढच्या वर्षी तळाला जातात. क्षयावर औषधं आली तरी नव्या नोंदी हटत नाहीत. घटसर्पाचे एकाच वर्षाचे दोन वेगळे आकडे छापलेले आहेत. तर आजार वाढत होते की कमी होत होते, आणि या आकड्यांवर विश्वास किती ठेवायचा?

आजार एकंदरीत कमीच होत होते, त्याबद्दल शंका नको. पण त्या रकान्यात आजारी माणसं मोजलेली नाहीत. आरोग्य कचेरीत पोचलेले कागद मोजलेले आहेत. कागद कोणी लिहिला, का लिहिला, आणि तपासायला कोण कुठे गेलं होतं, त्यावर आकडा हलतो. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की अहवालातली निम्मी कोडी सुटतात.

आधी कचेरीची रचना पाहू, कारण १९४८च्या आधीचे आणि नंतरचे अहवाल शेजारी ठेवले की गोंधळ इथूनच सुरू होतो. उदाहरणाला हॅरो घेऊ. १९३४ मध्ये तीन जुने भाग जोडून हे अर्बन डिस्ट्रिक्ट, म्हणजे काउंटीच्या (परगण्याच्या) हाताखालची नागरी स्थानिक संस्था, झालं. १९५१च्या जनगणनेत इथली लोकसंख्या सुमारे २ लाख १९ हजार होती, म्हणजे आकाराने मोठं शहर आणि दर्जा मात्र लहान गावाच्या कौन्सिलचा. १९५४ मध्ये त्याला बरोचा, म्हणजे नगरपालिकेचा, दर्जा मिळाला आणि १ एप्रिल १९६५ला आहे त्याच सीमांसह ते लंडन बरो झालं. वरची सत्ता मिडलसेक्स काउंटी कौन्सिलची. ५ जुलै १९४८ला राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हा कामं तीन ठिकाणी वाटली गेली. संसर्गजन्य रोगांच्या नोंदी आणि बंदोबस्त, गटारं, अन्न, दूध, घरं हे डिस्ट्रिक्टकडे राहिलं. लसीकरण, बालसंगोपन केंद्रं, हेल्थ व्हिजिटर, घरी जाणाऱ्या नर्सेस आणि रुग्णवाहिका काउंटीकडे गेल्या. संसर्गाची रुग्णालयं विभागीय रुग्णालय मंडळाकडे गेली. म्हणून १९४७च्या अहवालात खाटांचा, नर्सेसचा, अगदी कपडे धुण्याचा खर्चही सापडतो आणि १९४९च्या अहवालातून तो सगळा गायब होतो. सेवा बंद पडली नव्हती, हिशेब दुसऱ्याच्या वहीत गेला होता. बऱ्याचदा डिस्ट्रिक्टचा आरोग्य अधिकारी हाच काउंटीचा विभागीय अधिकारीही असे. त्यामुळे लसीकरणाचे आकडे काही अहवालांत येतात, काहींत येत नाहीत.

आता कागदाचा प्रवास. घरी रुग्ण पाहणाऱ्या जीपीला, म्हणजे कुटुंबाच्या डॉक्टरला, यादीतल्या रोगाचा संशय आला की छापील फॉर्मवर नाव, वय, पत्ता आणि रोग लिहून तो आरोग्य अधिकाऱ्याला पाठवायचा. हे बंधन १८८९च्या कायद्यापासूनचं. प्रत्येक कागदामागे डॉक्टरला २ शिलिंग ६ पेन्स मिळत. रुग्णालयातल्या कामात तोच कागद लिहिला तर १ शिलिंग. यादी वेळोवेळी लांबत गेली: क्षय, पोलिओ, मेंदूज्वर, न्यूमोनिया, हगवण, १९४०च्या सुमाराला गोवर आणि डांग्या खोकला, आणि अन्नातून झालेली विषबाधा. कचेरीत आलेल्या कागदांची बेरीज दर आठवड्याला रजिस्ट्रार जनरलकडे जाई. यातला महत्त्वाचा शब्द ‘संशय’. प्रयोगशाळेच्या खात्रीची वाट सहसा पाहिली जात नसे, कारण खात्रीची वाट पाहिली तर बंदोबस्ताला उशीर होतो. नंतर रुग्णालयाने निदान बदललं की नोंद दुरुस्त व्हायची. अहवालात एक आकडा ‘मूळ’ आणि दुसरा ‘दुरुस्तीनंतरचा’ असतो तो यामुळे.

घटसर्पाच्या दोन आकड्यांचं रहस्य एवढंच. १९४० साली इंग्लंड-वेल्समध्ये घटसर्पाचे ४६,२८१ रुग्ण आणि २,४८० मृत्यू नोंदले गेले होते. लसीकरणाच्या मोहिमेनंतर १९५७ मध्ये रुग्ण चाळिशीच्याही आत आणि मृत्यू ६. आजार दुर्मिळ झाला की तरुण डॉक्टरांनी तो पाहिलेलाच नसतो. मग टॉन्सिलवर पांढरा पापुद्रा दिसला की ते घाबरून कागद पाठवतात, आणि त्यांनी तसंच करायला हवं. अँटिटॉक्सिनचं इंजेक्शन प्रयोगशाळेच्या उत्तरासाठी थांबवायचं नसतं, कारण विष हृदयात एकदा बसलं की मागून दिलेलं औषध ते काढू शकत नाही. तेव्हा मूळ नोंदी सात आणि दुरुस्तीनंतर शून्य, असं चित्र दिसलं तर ती चूक समजू नका. त्या भागातले डॉक्टर जागे होते, असं समजा.

याच सारणीत लसीकरण १९५०च्या आसपास खाली गेलेलं दिसलं तर त्याचं कारणही आळस नव्हे. १९४९-५० मध्ये लक्षात आलं की पोलिओची साथ चालू असताना घटसर्पाची, विशेषतः तुरटीयुक्त किंवा डांग्या खोकल्याशी जोडलेली लस टोचली, तर ज्या हातात किंवा पायात सुई गेली त्याच अवयवाला लुळेपणा येण्याचा धोका वाढतो. म्हणून पोलिओच्या हंगामात, म्हणजे उन्हाळ्यात आणि शरदाच्या सुरुवातीला, अनेक ठिकाणी टोचणं थांबवलं गेलं. थांबवलेली मोहीम पुन्हा वेगात आणायला वेळ लागतो. आया विसरतात, बाळं मोठी होतात.

बाळंतज्वराचा रकाना एका वाक्यात निकालात काढता येईल: १९५१ मध्ये व्याख्याच बदलली. बाळंतपणानंतर १४ दिवसांत कोणत्याही कारणाने १००.४ अंश फॅरनहाइट ताप आला की नोंद, त्यामुळे आकडा फुगला. शिवाय नोंद रुग्ण जिथे दाखल तिथली, म्हणून ज्या डिस्ट्रिक्टमध्ये प्रसूतिगृह त्याच्या माथी ती पडे. न्यूमोनियाचं उलटं. कित्येक अहवालांत न्यूमोनियाचे मृत्यू नोंदींपेक्षा जास्त दिसतात, कारण डॉक्टर ती नोंद करायचेच नाहीत. गोवरात पहिल्या मुलाचा कागद यायचा. चार दिवसांनी त्याच घरातली धाकटी दोन आजारी पडली की आई डॉक्टरला बोलवायचीच नाही. तरी १९६१ मध्ये देशभरात गोवराच्या साडेसात लाखांहून अधिक नोंदी झाल्या. लस १९६८ मध्ये आली; त्याआधी एक वर्षाआड येणारी लाट ही गोवराची नैसर्गिक चाल. त्या लाटेचं श्रेय किंवा दोष कौन्सिलला देऊ नका.

हगवणीचा प्रश्न मात्र सविस्तर पाहण्यासारखा आहे.

इथे हगवण म्हणजे जवळजवळ नेहमी ‘सोने’ (Sonne) जातीच्या शिगेला जंतूची. मुलांना एक-दोन दिवस पातळ जुलाब, पोटात कळ, थोडा ताप, आणि मग मूल खेळायला मोकळं. बहुतेक आया डॉक्टरकडे जातच नव्हत्या. म्हणजे नेहमीच्या वर्षी आकडा लहान, पण तो खोटा लहान. मग एखाद्या पाळणाघरात एक नोंद होते. इन्स्पेक्टर जातो आणि सगळ्या मुलांच्या, कर्मचाऱ्यांच्या आणि घरच्यांच्या शौचाचे नमुने घेतो. साठ मुलांत वीसजण जंतू बाळगून निघतात, त्यातल्या दहांना काहीच त्रास नसतो. घरच्यांत आणखी पंधरा. एका कागदाचे छत्तीस झाले. रोग महिनाभर आधीपासून तिथेच होता. नवीन होती ती शोधाशोध. म्हणून हगवणीची उडी दिसली की त्याच अहवालात शाळा किंवा पाळणाघराच्या चौकशीचा परिच्छेद आहे का ते पाहा, आणि किती नमुने तपासले हा आकडा मिळाला तर तो शेजारी लिहून ठेवा.

पसरण्याची रीत साधी आहे. सोनेचे अगदी थोडे जंतूही पुरतात. मूल शौचालयाच्या बैठकीला, साखळीला, दाराच्या कडीला हात लावतं, आणि नंतर सगळी मुलं एकाच फिरत्या रोलर टॉवेलला हात पुसतात. साथ हिवाळ्याच्या अखेरीला चढते. उन्हाळ्यातल्या माशांवर बोट ठेवणाऱ्या आपल्याकडच्या वाचकाला हे उलटं वाटेल. पण शाळांचे जुने संडास अंगणापलीकडे, नळाला बर्फासारखं पाणी. अशा वेळी पाच वर्षांचं मूल हात धुवत नाही, ओले करून पळतं. उपाय कंटाळवाणे, पण लागू पडणारे: नर्सने उभं राहून हात धुवून घेणं, गरम पाणी, कागदी टॉवेल, बैठका आणि साखळ्या दिवसातून अनेकदा जंतुनाशकाने पुसणं. पाळणाघरातल्या मुलाला आणि अन्न हाताळणाऱ्याला लागोपाठचे तीन नमुने स्वच्छ आल्याशिवाय परत घ्यायचं नाही. सल्फा औषधं सुरुवातीला चालली, मग जंतू त्यांना दाद देईनासे झाले. मोठ्या प्राथमिक शाळेत प्रत्येकाचा नमुना घेण्याचा अट्टहास पुढे अनेक अधिकाऱ्यांनी सोडला. आणि सोडला त्या वर्षी आकडा खाली आला! अहवालात मात्र ‘परिस्थितीत सुधारणा’ असं वाचायला मिळू शकतं.

अन्नातल्या विषबाधेचंही गणित याच जातीचं, फक्त इथे स्वयंपाकघरात शिरावं लागतं. १९४४च्या शिक्षण कायद्याने शाळेतलं जेवण हे स्थानिक शिक्षण खात्याचं कर्तव्य झालं. उपनगरांत शाळा भराभर वाढत होत्या, प्रत्येकीला स्वयंपाकघर नव्हतं. मध्यवर्ती स्वयंपाकघरात जेवण शिजे आणि उष्णतारोधक डब्यांतून शाळांकडे जाई.

बिघाड कुठे व्हायचा ते बघा. गोमांसाचा मोठा तुकडा आदल्या दुपारी उकळला. फ्रिज नाही, किंवा आहे पण गरम पातेलं आत ठेवायचं नाही असा दंडक. पातेलं झाकून ओट्यावर राहिलं. मोठ्या तुकड्याचा गाभा तासन् तास कोमट राहतो. उकळीतून क्लॉस्ट्रिडियम वेल्चीचे बीजाणू जिवंत सुटतात. उकळल्याने रश्श्यातली हवा निघून गेलेली, म्हणजे या जंतूला हवं तसंच वातावरण. आणि ४५ अंश सेल्सियसच्या आसपास तो दर काही मिनिटांनी दुप्पट होतो. सकाळी मांस कापून, वर गरम ग्रेव्ही ओतून, जेमतेम ऊन करून वाढलं. आठ ते अठरा तासांनी, म्हणजे बहुधा रात्री किंवा पहाटे, मुलांच्या पोटात कळा आणि जुलाब. उलटी क्वचित, ताप नाही. दुसऱ्या दिवशी सगळे बरे. पूर्वी अशा प्रकरणांचे नमुने ‘रोगजंतू सापडले नाहीत’ म्हणून परत यायचे, कारण या जंतूकडे कोणी बघत नव्हतं. १९५३ मध्ये बेटी हॉब्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉलिनडेलच्या प्रयोगशाळेतून हा प्रकार नीट मांडला. कॉलिनडेल हे हॅरोच्या शेजारच्या हेंडन बरोमध्ये. सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा सेवेचं केंद्र तिथेच होतं, त्यामुळे या भागातले नमुने हाकेच्या अंतरावर जात. १९५३ नंतर अहवालांत हा जंतू अचानक दिसू लागतो. मांस आधीही तसंच ओट्यावर राहत होतं. नाव नंतर मिळालं.

अशा चौकशीची पद्धत आजही जशीच्या तशी वापरता येते. पहिल्यांदा वेळ पाहा. खाल्ल्यावर दोन ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या असतील तर स्टॅफिलोकोकसचं विष, म्हणजे बहुधा स्वयंपाक्याच्या बोटावरची जखम आणि कस्टर्ड किंवा हॅम. बारा ते छत्तीस तास आणि ताप असेल तर साल्मोनेला. मग जेवलेल्या सगळ्यांची यादी करा; आजारी पडलेल्यांचीच नव्हे. प्रत्येक पदार्थासाठी चार रकाने: खाल्लं आणि आजारी, खाल्लं आणि बरा, नाही खाल्लं आणि आजारी, नाही खाल्लं आणि बरा. इन्स्पेक्टरची सर्वांत नेहमीची चूक ही की तो फक्त आजारी मुलांना विचारतो, नव्वद टक्के मुलांनी बटाटे खाल्लेले निघतात, आणि तो बटाट्यांवर ठपका ठेवतो. बऱ्या राहिलेल्यांतही नव्वद टक्क्यांनी बटाटे खाल्लेले असतात. दुसरी चूक म्हणजे उशीर. तो पोचेपर्यंत पातेलं घासून पालथं घातलेलं असतं, उरलेलं डुकरांच्या डब्यात गेलेलं असतं. उपाय म्हणून जो सल्ला दिला जाई तो नेमका होता: तुकडा ६ पौंडांपेक्षा, म्हणजे पावणेतीन किलोपेक्षा मोठा नको, शिजवायचं त्याच दिवशी वाढायचं, नाहीतर दीड तासात थंड करून फ्रिजमध्ये. १९५५च्या अन्न स्वच्छता नियमांनी त्याला कायद्याचा आधार दिला: मांसासारखं अन्न ५० अंश फॅरनहाइटच्या खाली किंवा १४५ अंशांच्या वर, म्हणजे १० आणि ६३ अंश सेल्सियसच्या मध्ये रेंगाळू द्यायचं नाही. हात धुवायला वेगळं बेसिन, अन्न हाताळताना धूम्रपान बंद, जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी. इन्स्पेक्टरांचं पदनामही १९५६ मध्ये ‘सॅनिटरी’चं ‘पब्लिक हेल्थ’ झालं; अहवालात नवं पद निर्माण झालेलं दिसलं तर माणसं तीच आहेत.

टायफॉइड या काळात आकड्याने नगण्य, पण धास्ती मोठी. कारण क्रॉयडन. लंडनच्या दक्षिणेकडच्या या उपनगरात १९३७ मध्ये ३४१ जणांना टायफॉइड झाला, ४३ दगावले. ॲडिंग्टनच्या विहिरीत दुरुस्ती चालू होती, खाली उतरलेल्या कामगारांत एक जंतुवाहक होता, आणि नेमक्या त्याच दिवसांत पाणी न गाळता, क्लोरिन न घालता नळांत सोडलं जात होतं. पाणीखात्याने एक केलं, आरोग्य खात्याला ते माहीत नव्हतं. युद्धानंतरच्या अहवालांत पाण्याच्या नमुन्यांची कंटाळवाणी लांबलचक सारणी दिसते, ती या प्रकरणाच्या सावलीत वाचायची.

दुसरा दणका १९४६ मध्ये वेल्समधल्या ॲबरिस्टविथला बसला, आणि तो आइसक्रीममधून. बनवणाराच जंतुवाहक होता. १९४७च्या नियमांनी मिश्रण १५० अंश फॅरनहाइटला अर्धा तास किंवा १६० अंशांना दहा मिनिटं तापवणं आणि दीड तासाच्या आत ४५ अंशांवर आणणं सक्तीचं केलं. अहवालात आइसक्रीमच्या नमुन्यांच्या चार श्रेणी दिसतात, त्या मेथिलीन ब्लू चाचणीच्या: जंतू जितके जास्त तितका निळा रंग लवकर उडतो. चौथी श्रेणी म्हणजे रोगजंतू सापडले असं नव्हे, यंत्र नीट धुतलं गेलं नाही एवढंच. दुधाच्या सारणीतल्या दोन चाचण्याही अशाच वेगळ्या ठेवा. फॉस्फटेज नापास म्हणजे दूध पुरेसं तापलं नाही किंवा त्यात कच्चं दूध मिसळलं. मेथिलीन ब्लू नापास म्हणजे नंतर ते नीट ठेवलं नाही. पहिल्यात दोष डेअरीचा, दुसऱ्यात बहुधा वाहतुकीचा किंवा दुकानाचा.

गुप्त जंतुवाहक शोधायची एक युक्ती याच काळातली, मूरचा बोळा. डेव्हनमध्ये पॅराटायफॉइडचा माग काढताना मूर यांनी १९४८ मध्ये ती मांडली. गॉजची लांब पट्टी घडी घालून दोरीला बांधायची, मॅनहोलमधून सांडपाण्याच्या प्रवाहात सोडायची आणि सुमारे दोन दिवस तशीच ठेवायची. बाटलीभर पाणी घेतलं तर त्या क्षणाचंच सापडतं; बोळा दोन दिवसांचं गाळून धरतो. मग तो पोषक द्रवात आणि पुढे विल्सन-ब्लेअर माध्यमावर, जिथे टायफॉइडच्या वसाहती काळ्याभोर उठतात. जंतू मिळाले की प्रवाहाच्या उलट दिशेने जायचं. जिथे दोन गटारं मिळतात तिथे दोन्हींत बोळे. कोरी निघालेली शाखा सोडायची, दुसरीत वर सरकायचं, शेवटी चार-पाच घरांवर यायचं. नंतरचं काम नाजूक. दार ठोठावून एखाद्या आजीबाईंना सांगायचं की तीस वर्षांपूर्वीचा ताप तुमच्या पित्ताशयात अजून आहे.

पोलिओकडे वळू. १९४७च्या उन्हाळ्यात इंग्लंडला पहिली मोठी साथ बसली, साडेसात हजारांहून अधिक रुग्ण. स्वच्छ उपनगरांना ती जास्त झोंबली, कारण गलिच्छ वस्तीत मूल आईकडून आलेलं संरक्षण असतानाच विषाणू गिळून मोकळं होतं. नळ-संडास असलेल्या घरात ती गाठ शाळेच्या वयापर्यंत लांबते, आणि तोपर्यंत कवच उतरलेलं असतं. ‘लुळेपणासह’ आणि ‘लुळेपणाविना’ हे रकाने वेगळे वाचा. तुलना करायची तर पहिल्याचीच. दुसऱ्यात कॉक्सॅकी आणि एको विषाणूंचा मेंदूज्वरही घुसलेला आहे. पेशीसंवर्धनाच्या चाचण्या आल्यावर तो वेगळा काढता आला. लस १९५६ मध्ये आली, १९४७ ते १९५४ दरम्यान जन्मलेल्यांसाठी, आणि पुरवठा इतका तुटपुंजा की नाव नोंदवलेल्यांतून जन्ममहिन्यावरून निवड करावी लागली. तेव्हा १९५६ची टोचलेल्यांची संख्या ही पालकांच्या उत्साहाचं माप नाही. १९५९चा आकडा मात्र आहे. तरुणांसाठी लस आधीच खुली होती, प्रतिसाद थंड होता. एप्रिलमध्ये इंग्लंडचा फुटबॉलपटू जेफ हॉल पोलिओने गेला आणि केंद्रांबाहेर रांगा लागल्या. १९६२ पासून साखरेच्या खड्यावरचे थेंब आले, आणि काचेच्या सिरिंज उकळण्याची दगदग संपली. ती दगदग महत्त्वाची होती, कारण नुसती सुई बदलून तीच सिरिंज पुढच्याला वापरली तर कावीळ पसरते, हे १९४५ पर्यंत स्पष्ट झालं होतं.

आता क्षय, म्हणजे औषधं आल्यावरही नोंदी का हटत नाहीत. तीन कारणं एकात एक गुंतलेली आहेत. पहिलं, एक्स-रेची फिरती गाडी. ३५ मिलिमीटरच्या छोट्या फिल्मवर हजारो लोकांच्या छातीचे फोटो काढणारी ही पथकं १९४३ पासून फिरत. ज्या वर्षी गाडी तुमच्या उपनगरातल्या कारखान्यांसमोर उभी राहिली त्या वर्षी नोंदी वाढणारच. खोकला अंगावर काढणारा कामगार एरवी दोन वर्षांनी सापडला असता. दुसरं, बदलून आलेले रुग्ण. लंडन काउंटी कौन्सिलने युद्धानंतर आपल्या हद्दीबाहेर साउथ ऑक्सी, डेब्डन, हॅरॉल्ड हिल अशा मोठ्या वसाहती बांधल्या. घराच्या यादीत क्षयरोग्याच्या कुटुंबाला प्राधान्य असे. साहजिकच नव्या कोऱ्या वसाहतीच्या नोंदवहीत जुने रुग्ण आले. ते ‘आत आलेले’ म्हणून वेगळे दाखवलेले असतात. बेरजेत धरले तर तुमचं हिरवंगार उपनगर क्षयाचं आगर वाटेल. तिसरं कारण आनंदाचं. स्ट्रेप्टोमायसिन, ‘पास’ (PAS) आणि १९५२ पासून आयसोनियाझिड ही औषधं मिळून दीड-दोन वर्षं दिली की माणसं मरेनाशी झाली. मृत्यू झपाट्याने उतरले, नव्या नोंदी सावकाश, आणि नोंदवहीतली एकूण नावं उलट वाढली, कारण जगलेल्याचं नाव वर्षानुवर्षं वहीत राहतं. यात सर्वांत प्रामाणिक रकाना मृत्यूंचा. त्यानंतर लहान मुलांच्या नोंदी. शाळेतल्या तेरा वर्षांच्या मुलांची बीसीजीपूर्वीची चाचणी दिलेली असेल तर ती सोन्यासारखी: किती टक्के मुलं आधीच बाधित निघाली, हे ना डॉक्टरच्या कागदावर अवलंबून, ना गाडीवर. दशकभरातली ही टक्केवारी एका ओळीत मांडून पाहा.

देवीबद्दल. ‘देवी काढणं’ आपल्याकडे सक्तीचं होतं म्हणून वाचकांना नवल वाटतं, पण इंग्लंडने ती सक्ती १९४८ मध्येच उठवली. नंतर बाळांचं प्रमाण बेताचं राहिलं. १९६१-६२च्या हिवाळ्यात पाकिस्तानातून विमानाने आलेल्या पाच प्रवाशांबरोबर देवी आली, ब्रॅडफर्ड आणि साउथ वेल्समध्ये पसरली, आणि एकही रुग्ण नसलेल्या उपनगरांतही लोकांनी रांगा लावल्या. १९६२च्या सारणीतला डोंगर हा या भीतीचा. खरं काम दुसरं होतं: बंदरावरून किंवा विमानतळावरून संपर्कात आलेल्यांची नावं-पत्ते त्या त्या डिस्ट्रिक्टला येत, आणि प्रत्येकाची १६ दिवस रोज भेट घेऊन ताप पाहिला जाई. अहवालात हे एका ओळीत संपतं.

फ्लूला तर रकानाच नाही. १९५७च्या आशियाई फ्लूचा शोध घ्यायचा तर सप्टेंबर-ऑक्टोबरमधली शाळांची गैरहजेरी आणि आजारपणाच्या विम्याचे दावे शोधा, आरोग्य सारणीत फक्त फ्लूनंतरच्या न्यूमोनियाची झलक मिळेल.

दरांविषयी दोनच सावधगिरीच्या गोष्टी. वर्षाला २,५०० जन्म असलेल्या उपनगरात बाळाचा एक मृत्यू अर्भक मृत्युदर ०.४ने हलवतो, पाच मृत्यूंचा फरक म्हणजे हजारी दोनचा फरक, आणि तो निव्वळ योगायोग असू शकतो. देशाचा दर १९४८ मध्ये हजारी ३४ होता, १९६० मध्ये २२. त्याच्याशी तुलना करताना निदान पाच वर्षांची सरासरी घ्या. आणि एकूण मृत्युदर वाचताना रजिस्ट्रार जनरलने दिलेला तुलना गुणक लावलेला दर घ्या, नुसता नको. १९३०च्या दशकात तरुण जोडप्यांनी भरलेलं उपनगर १९६० पर्यंत एकदमच म्हातारं झालं. वय दुरुस्त केलं नाही तर हवा बिघडल्यासारखी वाटते.

सुरुवात करायची तर अशी करा. सलग दहा अहवाल घ्या, आणि प्रत्येक रोगाच्या ओळीखाली तीन गोष्टी पेन्सिलने लिहा: त्या वर्षी व्याख्या बदलली का, कुठे मुद्दाम शोध घेतला का, आणि आकडा मूळ की दुरुस्त. मग शेवटच्या पानांवरचा इन्स्पेक्टरांचा विभाग उघडा, जो सगळे गाळतात. किती घरांना अजून सामाईक संडास, किती स्वयंपाकघरांत गरम पाणी बसवलं, किती दुकानांना वेगळं बेसिन लावायला भाग पाडलं, याची मोजदाद तिथे आहे. तीत संशय नाही. बेसिन एकतर बसलेलं असतं, नाहीतर नसतं.